अंगठा, कुलूप आणि तलाव

वर्तमानपत्र हाती आले की कोणी प्रथम राशिभविष्य पाहतो, कोणी धानाचा भाव पाहतो, आणि माझ्या वयाची माणसे निधनवार्तांकडे वळतात. मी मात्र अलीकडे प्रथम यंत्रांच्या बातम्या वाचतो. ‘‘तुम्हांला त्यातलं काय कळतं?’’ असे आमच्या घरातून विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. यंत्र मला कळत नाही. परंतु खेड्यापाड्यांतून पस्तीस वर्षे मास्तरकी केल्यामुळे माणूस थोडाफार कळतो; आणि यंत्राची बातमी ही शेवटी माणसाचीच बातमी असते, असा माझा समज आहे.

या बातम्या मुख्यतः दोन जातींच्या असतात. अमुक एक नवे यंत्र निघाले असून आता आयुष्य फार सोपे होणार, ही पहिली जात. तमुक ठिकाणाहून लाखो लोकांची माहिती फुटली, परंतु काळजीचे कारण नाही, ही दुसरी. पहिली बातमी मोठ्या अक्षरांत असते आणि दुसरी तिच्याच पाठीमागून काही महिन्यांनी लहान अक्षरांत येते. दोन्ही घटना कुठेतरी दूर, मोठमोठ्या शहरांत घडल्या असाव्यात, असे वाचताना वाटते. आमचा भंडारा जिल्हा पडला झाडीपट्टीत! धान, तलाव, कोशाचे कापड आणि एकेकाळी घरोघर वाखाणली गेलेली पितळी भांडी, ही आमची ओळख. पण गंमत अशी की, बातमी आमच्याकडे पोचायच्या आधी यंत्रच येऊन बसलेले असते. ते रेशनच्या दुकानात बसले आहे, बँकेत बसले आहे, आणि आमचा अंगठा मागत आहे.

अंगठा या अवयवाशी माझे जुने वैर आहे. आमच्या लहानपणी ‘अंगठेबहाद्दर’ ही शिवी होती. सावकाराच्या कागदावर शाईचा अंगठा उठला की पुढच्या पिढीची शेती गेलीच म्हणून समजावे. पुढे मी मास्तर झालो, रात्रीचे प्रौढवर्ग चालवले. कंदिलाच्या उजेडात, नांगर धरून घट्टे पडलेल्या हातांत पेन्सिल देऊन ‘सही करा, अंगठा देऊ नका’ असे शेकडो लोकांना शिकवले. पहिल्यांदा स्वतःचे नाव काढल्यावर त्या माणसांच्या तोंडावर जो उजेड पडे, तो मी अजून विसरलेलो नाही. आणि आज? डॉक्टर, वकील, प्राध्यापक, सगळेच निमूटपणे अंगठा टेकवतात. काळाने साक्षरांना आणि निरक्षरांना एकाच रांगेत आणून उभे केले. समता म्हणतात ती हीच असावी!

विशेष म्हणजे ही कल्पना बाहेरून आलेली नाही. ती आपल्याच मातीत उगवली. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून करारावर अख्ख्या पंजाचा ठसा घेतला. हेतू हा, की पुढे त्याने ‘करार माझा नव्हे’ असे म्हणू नये. १८९७ साली कलकत्त्यात बोटांच्या ठशांची कचेरी निघाली, आणि ठसे लावून ठेवण्याची जी पद्धत पुढे जगभर गेली, तिचे गणित अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी पोलीस अधिकाऱ्यांनी बसवले. नाव मात्र साहेबाचे झाले. पुढे २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावी, पहिला बारा आकडी आधार क्रमांक देण्यात आला. दहा बोटे आणि दोन डोळे एवढी मिळकत त्या बारा आकड्यांच्या पाठीशी तारण असते.

आता आमच्या गल्लीतल्या आजींची हकीकत सांगतो. त्यांनी सारा जन्म विड्या वळल्या. आमच्याकडे हा धंदा घरोघर चालत आला आहे. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि तेंदूची पाने. दिवसभर बोटे चालायची. पाने आणि तंबाखू घासून घासून त्यांच्या बोटांवरच्या रेघा पार बुजून गेल्या आहेत. महिन्याचे धान्य आणायला गेल्या तेव्हा यंत्राने त्यांना ओळखले नाही. साबणाने हात धुतले, पदराला पुसले, दुसरे बोट लावले, तिसरे लावले; यंत्र आपले नाहीच म्हणते. परत आल्या आणि माझ्या ओट्यावर बसून म्हणाल्या, ‘‘गुरुजी, आंगठा तं माहाच आहे ना जी? मंग हे मशीन काहून नाही म्हणते?’’

माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या दुकानदाराला आजी चाळीस वर्षे माहीत आहेत. त्यांच्या लग्नात त्याचा बाप जेवून गेला होता. पण त्याच्या ओळखीला आता किंमत उरलेली नाही. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर नातवाला नेले. त्याचे नाव शिधापत्रिकेवर आहे, त्याचा कोवळा अंगठा यंत्राला तत्काळ पटला, आणि धान्य मिळाले. धान्य मिळाले याचे समाधान आहेच. परंतु ज्या हातांनी कष्ट केले ते हात कष्टांमुळेच खोटे ठरावेत, आणि ज्याने अजून काहीच केलेले नाही त्याचा हात खरा ठरावा, हा न्याय मला अजून पचलेला नाही.

याच सुमारास आमच्या पारावर एक वाक्य वारंवार ऐकू येऊ लागले : ‘ज्याला काही लपवायचे नाही, त्याला भीती कशाची?’ वाक्य मोठे ठसकेबाज आहे. परंतु ते म्हणणारे गृहस्थ स्नानाला जाताना न्हाणीचे दार लावून घेतात, हे मी पाहिले आहे. पूर्वी पोस्टकार्डावर आपण खुशाली लिहीत असू आणि मुलीच्या सासरची गोष्ट आंतर्देशीय पत्रात लिहून कडा डिंकाने चिकटवीत असू. त्यात चोरी काहीच नसे. घराला दार असावे एवढीच त्यामागची भावना.

खेड्यात खाजगी काही नसते, हेही मला मान्य आहे. माझ्या घरी काल कोणती भाजी झाली हे शेजारी सांगू शकतात. पण यात एक फिटंफाट असते. त्यांना माझी भाजी ठाऊक, मला त्यांची ठाऊक! शिवाय उद्या मी आजारी पडलो तर तेच माझी खाट उचलणार. यंत्राच्या ओळखीत ही परतफेड नाही. ते मला नखशिखांत ओळखते. मी त्याला ओळखत नाही. माझी माहिती कोणत्या गावी गेली, कोणी वाचली, कोणाला विकली, याचा मला पत्ता नाही.

कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांना हेच खटकले असावे. २०१२ साली, वयाच्या ८६ व्या वर्षी, ज्या वयात माणसे नातवंडांना गोष्टी सांगतात त्या वयात, ते सर्वोच्च न्यायालयात गेले. खाजगीपणा हा मूलभूत हक्कच नव्हे, असे सरकारचे म्हणणे होते. १९५४ आणि १९६२ चे जुने निकाल त्यासाठी पुढे करण्यात आले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितले, की खाजगीपणा हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्यात एक कौटुंबिक नाट्यही होते. आणीबाणीत जो निकाल देण्यात न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड सामील होते, तो १९७६ चा निकाल त्यांचे चिरंजीव न्यायमूर्ती धनंजय यांनी या निकालात चुकीचा ठरवला. पुढच्या वर्षी, २६ सप्टेंबर २०१८ रोजी, न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी आधार योजना कायम ठेवली आणि खाजगी कंपन्यांना तिच्यापासून दूर सारले. अंगठा जुळला नाही म्हणून हक्कदाराचे धान्य अडू नये, अशी अपेक्षाही त्या निकालात आहे. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदाही झाला. दिल्लीहून आमच्या रेशनच्या दुकानापर्यंतची वाट मात्र लांब आहे.

गेल्या दिवाळीला माझा भाचा पुण्याहून आला होता. तो संगणकाच्या कंपनीत आहे. चकलीचा तुकडा मोडत तो म्हणाला, ‘‘मामा, यावर उपाय मुक्त आज्ञावलीचा. यंत्राच्या पोटात जे लिहिलेलं असतं, ते सगळ्यांना वाचायला खुलं ठेवायचं.’’

मी म्हटले, ‘‘अरे, आधीच चोरी होते आणि तू कुलपाचं पोट उघडं ठेवायला सांगतोस?’’

तेव्हा त्याने सांगितले ते मला पटले. १८८३ साली ऑगस्त केर्कहॉफ्स या डच वंशाच्या भाषाशिक्षकाने लिहून ठेवले आहे, की गुप्त लिपीची रचना शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये. गुपित असावे ते फक्त किल्लीत. कुलूप असे असावे की शंभर लोहारांनी ते उघडून पाहावे, नावे ठेवावीत, सुधारावे. आणि तरीही माझ्या किल्लीवाचून ते उघडू नये. ज्या कुलपाची मजबुती केवळ ते कोणी पाहिले नाही यावर टिकलेली आहे, ते कुलूप नव्हे, कुलपाचे चित्र आहे!

या चळवळीचा इतिहासही त्याने सांगितला. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली अशी मुक्त यंत्रणा रचण्याचा संकल्प जाहीर केला. १९९१ साली फिनलंडमध्ये लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहून लोकांपुढे ठेवला. आज आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा पाया तोच आहे. पाया उघडा, वरचे मजले मात्र ज्याचे त्याने कुलूपबंद केलेले.

माझ्या स्वतःच्या पेटीतही याचा दाखला पडून आहे. नव्वदीच्या दशकात मी आमच्या भागातली बायकांची गाणी आणि दंडारीतली सोंगे गोळा केली आणि एका छापखान्यात संगणकावर उतरवून घेतली. त्या धारिका आता उघडल्या की पडद्यावर नुसते चित्रविचित्र चिन्हांचे जाळे दिसते. कारण ती अक्षरे ज्या फाँटात बांधली होती, त्याची मांडणी बनवणाऱ्याखेरीज कोणाला ठाऊक नाही. गाणी म्हणणाऱ्या बायका गेल्या, आणि त्यांचे शब्द माझ्याच घरात असून मला वाचता येत नाहीत. सुदैवाने १९९१ पासून युनिकोडने देवनागरीला सगळ्यांची सामाईक जागा दिली. आणि मुंबईच्या एक टाइप या संस्थेने ‘मुक्त’, ‘बलू’ यांसारखे सुबक फाँट कोणीही वापरावेत, सुधारावेत अशा परवान्याने खुले केले. भाच्याने तेच माझ्या संगणकावर बसवले, आणि जुन्या छापील प्रतींवरून मी ती गाणी पुन्हा एकेक करून उतरवतो आहे. निम्म्याहून अधिक प्रती वाळवीने खाल्ल्या आहेत.

‘सगळ्यांचे’ म्हटले की आपल्याला ‘कोणाचेच नाही’ असे वाटू लागते. आम्हां भंडाऱ्याच्या लोकांना तरी तसे वाटू नये. आमच्या गावोगावचे तलाव बहुतांशी कोहळी मंडळींनी शेकडो वर्षांपूर्वी बांधले. मालक मालगुजार असला तरी गावाला तिथे पाणी घेण्याचा, गुरे पाजण्याचा हक्क असे. त्याला आमच्याकडे निस्तार म्हणतात. हा हक्क कोणाच्या मर्जीवर सोडलेला नव्हता. गावाचा रिवाज ‘वाजिब-उल-अर्ज’ या दप्तरात लिहून ठेवलेला असे. भाच्याने मुक्त आज्ञावलीच्या परवान्यातली कलमे वाचून दाखवली – वापरा, पाहा, बदला, दुसऱ्याला द्या, आणि देताना हाच हक्क त्यालाही द्या – तेव्हा मी म्हटले, ‘‘बाळ, हा तर निस्तारच झाला!’’

निस्ताराबरोबर राखणही आली. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि पुढे कित्येक तलाव गाळाने भरले. कारण पाळीवर चक्कर मारणारे पाय कमी झाले. यंत्रांच्या जगातही हेच होते. मार्च २०२४ मध्ये एका मुक्त आज्ञावलीत कोणीतरी चोरदार बसवल्याचे उघडकीस आले. त्या इसमाने दोन-अडीच वर्षे गोड वागून, मदत करून, तिथल्या थकलेल्या राखणदाराचा विश्वास संपादला होता. पकडला कोणी? आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने. आपले काम नेहमीपेक्षा अर्धा सेकंद उशिरा होते आहे, एवढ्यावरून त्याने शोध घेतला. पाळीतून पाझरणारे पाणी पाहून खेकड्याचे बीळ हुडकणारा आमचा जुना शेतकरी मला आठवला. पाळ उघडी होती म्हणून बीळ पडले हे खरे. पण उघडी होती म्हणूनच ते दिसलेही.

आज एकंदर मांडणी उलटी झाली आहे, असे मला वाटते. माणसाचा अंगठा, त्याचा आजार, त्याची उधारी, सगळे उघड्यावर. आणि त्याला पारखणारे यंत्र तेवढे पडद्याआड. खरे म्हणजे पडदा माणसाला हवा आणि उजेड यंत्रावर हवा. आजींचे बोट का नाकारले हे यंत्राने सांगितले पाहिजे. आणि ते सांगते ते खरे आहे की नाही, हे भाच्यासारख्या चार पोरांना तपासता आले पाहिजे.

ते होईल तेव्हा होवो. तोवर मी एक वही घातली आहे. गावात ज्याचा अंगठा यंत्राने नाकारला, त्याची तारीख, वेळ आणि कितव्या खेपेला धान्य मिळाले, एवढे त्यात लिहितो. नावे लिहीत नाही, कारण वही चारचौघांत वाचली जाते. वर्षअखेर तिची नक्कल तहसील कचेरीत द्यायची आहे. पहिली नोंद आजींची आहे. ‘‘खाली तुमची सही असू द्या,’’ म्हटले, तर त्या लाजल्या. त्या माझ्या प्रौढवर्गाला कधी आल्या नव्हत्या. विड्यांतून सवड कुठली? आता रोज संध्याकाळी नातवाची पाटी घेऊन माझ्या ओट्यावर बसतात. नावातली पहिली दोन अक्षरे जमली आहेत. तिसरे जोडाक्षर आहे, त्याला चार दिवस लागतील.