बाबा, बोल्ट आणि मी

शनिवार सकाळ, चिंचवड. बाहेर पाऊस, हातात चहा आणि समोर ऑफिसचा लॅपटॉप. हो, वीकेन्डला पण!

तर मंडळी, माझं काम म्हणजे आयात करणाऱ्या कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणं. इन्व्हॉइस आत टाकलं की बिल ऑफ एन्ट्री तयार, थेट आइसगेटवर रवाना.

गंमत म्हणजे बाबांनी आयुष्यभर हेच केलं, फक्त पायी. ते एका क्लिअरिंग एजंटकडे होते. भोसरी-चाकणच्या कारखान्यांचा माल न्हावाशेवाला आला की पहाटेच फायली घेऊन निघायचे. मग या टेबलावरून त्या टेबलावर.

२०१८ मध्ये कागद ई-संचितवर चढू लागले. जून २०२० मध्ये बेंगळुरू आणि चेन्नईत फेसलेस असेसमेंट सुरू झालं, ३१ ऑक्टोबरपासून देशभर. म्हणजे माल न्हावाशेवाला, पण कागद तपासणारा साहेब भलत्याच शहरात. मालाची प्रत्यक्ष तपासणी तेवढी बंदरातच. हेतू चांगला होता, ओळखपाळख आणि चिरीमिरीला जागा नको. मला तर जाम आवडलं होतं.

२०२१ मध्ये बाबांची नोकरी गेली. टेबलच उरलं नाही, तर टेबलापर्यंत जाणारा माणूस कशाला?

गेल्या आठवड्यात एका क्लायंटचा माल अडकला. गाडीत लागणारे स्टीलचे बोल्ट. आमच्या सॉफ्टवेअरने कोड लावला ८७०८, म्हणजे वाहनांचे सुटे भाग. साहेबांची क्वेरी आली. मी रात्री दोनपर्यंत डोकं खाजवत बसलो. बाबा पाणी प्यायला उठले, स्क्रीनकडे बघून म्हणाले, "अरे, साधा बोल्ट ना? गाडीत बसला म्हणून तो गाडीचा भाग होत नाही. ७३१८."

टॅरिफ उघडलं. सेक्शन १७ च्या नोटमध्ये तेच होतं. सर्वसाधारण वापराचे भाग तिथे धरायचे नाहीत.

मी लगेच रूल लिहायला घेतला. बाबा मागे उभे.

"म्हणजे आता हेपण मशीन करणार?"

"हो."

"बरंय. पण का, ते पण लिही. नुसतं उत्तर नको."

ते झोपायला गेले. मी रूलच्या वर चार ओळींची कमेंट लिहिली. त्यात बाबांचं नाव टाकलं, मग खोडलं. सोमवारी रिव्ह्यू आहे. तोपर्यंत परत टाकावं म्हणतोय...