ऊन-ऊन-ऊनियम

रद्दीच्या दुकानात आवर्तसारणीचा जुना तक्ता मिळाला. १११व्या घरात नाव होतं ऊनऊनऊनियम. मी ते मोठ्याने वाचलं आणि दुकानदाराने वर पाहिलं.

हे नाव ना माणसाचं, ना गावाचं, ना देवाचं. १०४व्या मूलद्रव्याला अमेरिकन रदरफोर्डियम म्हणत, सोव्हिएत कुर्चातोव्हियम. अशा भांडणांना कंटाळून रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७८ साली आकड्यांचीच इवलीशी भाषा रचली. शून्य म्हणजे निल, एक म्हणजे ऊन, नऊ म्हणजे एन. आकडे ओळीने जोडा, शेवटी ‘इयम’ लावा. थोडं लॅटिन, थोडं ग्रीक. सोवळ्यातल्या पंडितांना न चालणारं. ‘ऊन’ दीर्घ म्हणावा, ‘मून’शी यमक जुळेल असा, हेही नियमात आहे. म्हणजे आपल्या वरणभातासारखंच ऊन-ऊन.

अशीच मुद्दाम रचलेली दुसरी भाषा म्हणजे झामेनहॉफची १८८७ची एस्पेरांतो. तिच्यात सोनं ओरो, लोखंड फेरो. कानाला गोड, पण ती हातात असलेल्या वस्तूंची नावं. हाती न लागलेल्याला हाक मारायची मजा आवर्तसारणी मांडणाऱ्या रशियन मेंडेलीव्हची. १८७१मध्ये त्याने सारणीतल्या रिकाम्या घरांसाठी थेट संस्कृत आकडे उचलले: ॲल्युमिनियमच्या खालचं एक-ॲल्युमिनियम, सिलिकॉनच्या खालचं एक-सिलिकॉन. त्याच्याच सेंट पीटर्सबर्गमध्ये तेव्हा बोटलिंक आणि रोट यांचा अवाढव्य संस्कृत कोश खंडाखंडाने छापला जात होता. त्या कोशाचा वारा मेंडेलीव्हला लागला असणार, असं मानायला मला आवडतं. १८७५मध्ये फ्रान्समध्ये रसायनशास्त्रज्ञ ब्वाबोद्रांला गॅलियम सापडलं, म्हणजे तेच एक-ॲल्युमिनियम. त्याने घनता मोजली, ४.७ भरली. मेंडेलीव्हने त्या धातूचा कणही पाहिला नव्हता, तरी रशियातून कळवलं की नमुना शुद्ध नसावा, ५.९च्या आसपास यायला हवी. ब्वाबोद्रांने धातू पुन्हा शुद्ध केला, पुन्हा मोजली. ५.९! हे गॅलियम ३० अंशांच्या आतच वितळतं. तळहातावर ठेवलं की पाघळायला लागतं. एवढ्या नाजूक प्रकृतीच्या धातूची कुंडली कुणी लांबून अचूक मांडावी, याचं मला फार कौतुक वाटतं.

१११चं २००४मध्ये रॉन्टजेनियम झालं. क्ष-किरणवाल्या रॉन्टजेनबद्दल आदर आहेच, पण जुन्या नावात घरक्रमांक तरी कळत होता. ११९ अजून कुणाला बनवता आलेलं नाही. कागदोपत्री त्याचं नाव ऊनऊनएनियम आहे.