थंड देशातली जास्वंद

जास्वंदीला विश्रांतीचा ऋतू नाही. गुलाब किंवा सफरचंद थंडीची चाहूल लागताच पाने गाळून वसंतापर्यंत थांबतात. जास्वंद सदाहरित. कोकणात ती पौषात फुलते, वैशाखात फुलते, आषाढाच्या झडीत फुले भिजून लोंबली तरी दुसऱ्या दिवशीच्या कळ्या तयारच असतात. अशी वनस्पती ब्रिटनसारख्या देशात नेली की हिवाळ्यात तिची कुचंबणा होते. वाढायला ऊब आणि उजेड पुरत नाही, आणि थांबणे तिला येत नाही. थंड हवेत जास्वंद सांभाळण्याची सारी विद्या या एका अडचणीभोवती फिरते.

तिथल्या रोपवाटिकांत हिबिस्कस या नावाखाली दुसरेही एक झुडूप मिळते, हिबिस्कस सिरिअ‍ॅकस. दक्षिण कोरियाचे राष्ट्रीय पुष्प ते हेच. त्याची पाने खाचांची आणि बिनचकाकीची, फुले जांभळट, गुलाबी किंवा पांढरी. ते हिवाळ्यात निष्पर्ण होते आणि जमिनीत उघड्यावर राहून बर्फ सोसते. त्याला जपण्याची फारशी गरज नाही. पण त्यात खरा लाल रंग नाही, आणि गणपतीला लागते ती लाल जास्वंद. चकचकीत पानांची ती जात रोझा-सायनेन्सिस. तिला थंड देशात कुंडीतच राहावे लागते.

युरोपला तिची ओळख जुनी आहे. डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड यांनी मलबारातल्या वनस्पतींवर सिद्ध केलेला ‘हॉर्टस मलबारिकस’ १६७८पासून अ‍ॅमस्टरडॅमला छापला जाऊ लागला. त्यात जास्वंदीचे चित्र आहे. लिनियसने १७५३ मध्ये तिला शास्त्रीय नाव दिले, त्याच्या आधीच ती लंडनला पोचली होती. चेल्सीच्या औषधी उद्यानाचे प्रमुख माळी फिलिप मिलर यांच्याकडे ती १७३१च्या सुमारास होती. त्या काळी विजेची ऊब नव्हती, म्हणून माळ्यांनी वेगळीच युक्ती काढली होती. कातडी कमावून उरलेली ओकची साल विटांच्या खड्ड्यात भरायची. ती आंबू लागली की कित्येक आठवडे मंद उष्णता देत राही. उष्ण प्रदेशातल्या झाडांच्या कुंड्या त्या सालीत पुरून ठेवत, अननसही याच रीतीने पिकवत. झाडाच्या शेंड्याला थोडी थंडी लागली तरी चालते, मुळांना ऊब हवी, हे त्या माळ्यांनी ओळखले होते. आजही ही गोष्ट महत्त्वाची आहे. पुढे १८४५ मध्ये इंग्लंडात काचेवरचा अबकारी कर उठला, गरम पाण्याच्या नळांची काचघरे वाढली, आणि हे झाड श्रीमंतांच्या बागेतून हळूहळू मध्यमवर्गाच्या खिडकीपर्यंत आले.

मराठी माणसाच्या आयुष्यात मात्र जास्वंद फार लवकर येते. परसात किंवा कुंपणाला ती असतेच. आजीच्या परडीत रोज सकाळी चार फुले पडतात, आणि मुले फुलाच्या बुडाशी असलेला गोड रस चोखतात. शाळेत विज्ञानाच्या तासाला हेच फूल समोर येते. पाच पाकळ्या, मधून निघालेली पुंकेसरांची नळी, तिच्या टोकातून बाहेर आलेल्या पाच कुक्षी. पूर्ण फुलाचे सगळे भाग इतके मोठे आणि मोकळे दिसतात की भिंगाची गरज पडत नाही. त्याच पाकळ्यांच्या रसात लिंबू पिळले की तो गडद गुलाबी होतो आणि साबणाचे पाणी घातले की हिरवा. घरी फुले खोबरेल तेलात उकळून केसांना लावतात. हे सगळे शिकताना कोणी झाडाकडे लक्ष देत नाही, कारण ते कोणी मुद्दाम वाढवलेले नसते.

नोकरी किंवा लग्न लंडनला, लेस्टरला नेते तेव्हा चित्र पालटते. लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ १९३२पासून आहे. गणपती होतो, आरती होते, मोदकांचे पीठही मिळते. पण जास्वंद मिळत नाही. फूल उमलते ते बहुधा एकाच दिवसासाठी, म्हणून फुलांच्या व्यापाऱ्याला ते ठेवता येत नाही. दादरच्या बाजारात कळ्या विकल्या जातात त्या झाड जवळपासच असते म्हणून. थंड देशात कार्नेशन आणि गुलाब हवे तितके आहेत. जास्वंद ज्याला हवी त्याने ती घरी वाढवावी. म्हणूनच परसातल्या ज्या झाडाकडे पूर्वी कोणी पाहिलेही नव्हते, त्याच्या प्रत्येक पानाची तिथे दखल घेतली जाते.

गावच्या झाडाचा फाटा ओल्या फडक्यात गुंडाळून नेण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरायला हवा. भारतातून ब्रिटनमध्ये लावण्यासाठी रोप किंवा फाटा न्यायचा तर वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते, आणि हा नियम प्रवाशाच्या पिशवीलाही लागू आहे. त्याला सबळ कारण आहे. जास्वंदीवरचा गुलाबी पिठ्या ढेकूण १९९४ मध्ये कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटावर आढळला, आणि तिथून पसरत त्याने त्या भागातल्या बागा व पिके यांचे मोठे नुकसान केले. तेव्हा रोप तिथल्याच दुकानातून घ्यावे.

दुकानातले रोप बहुधा डेन्मार्क किंवा नेदरलँड्सच्या हरितगृहातून आलेले असते. ते हातभर उंच, गच्च पानांचे आणि कळ्यांनी भरलेले दिसते. हा ठेंगणेपणा त्याचा स्वतःचा नसतो. वाढ रोखणारे द्रव्य देऊन ते तसे ठेवलेले असते. काही महिन्यांनी त्याचा असर ओसरला की फांद्या लांब सुटतात, पेरांतले अंतर वाढते. आपले काही चुकले असे समजून अनेक जण या टप्प्यावर झाड टाकून देतात. वास्तविक झाड तेव्हा आपल्या मूळ वळणावर आलेले असते.

वर्षाची सुरुवात मेअखेरीस धरावी. दव गोठण्याची भीती गेली आणि रात्रीचे तापमान १२ अंशांच्या खाली उतरेनासे झाले की कुंडी बाहेर काढावी. थेट उन्हात ठेवू नये. घरात फुटलेली पाने कोवळी असतात, ती इंग्लंडच्या उन्हानेही भाजतात. आठ-दहा दिवस सावलीत, मग सकाळचे ऊन, मग दक्षिणेकडची भिंत. तिथला उन्हाळा जास्वंदीला चांगला मानवतो. जूनमध्ये लंडनचा दिवस साडेसोळा तासांचा असतो, मुंबईचा सव्वातेरा तासांचा. हवा सौम्य असल्याने फूल कधी कधी दुसऱ्या दिवशीही टिकते आणि रंग अधिक गडद येतो.

पाण्याची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण पाने पिवळी पडण्याचे कारण पुष्कळदा तिथेच सापडते. लंडनच्या नळाचे पाणी जड आहे, कारण ते खडूच्या थरांतून झिरपून येते. जास्वंदीला किंचित आम्लधर्मी माती लागते. जड पाणी सतत दिल्याने माती अल्कधर्मी होते, मुळांना लोह मिळेनासे होते, आणि नव्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. मँचेस्टरचे पाणी सरोवरांतून येते, ग्लासगोचे लॉक कॅट्रिनमधून. दोन्ही मऊ. तिथे हा त्रास क्वचितच होतो. लंडनकराने पावसाचे पाणी पिंपात साठवावे. पाऊस तिथे कमी पडत नाही. खतात पालाश जास्त आणि स्फुरद कमी असावे. भरपूर फुलांचे आमिष दाखवणारी स्फुरदयुक्त खते या झाडाला अपाय करतात.

भाद्रपद येतो तेव्हा झाड ऐन भरात असते. हा योग थंड देशातल्या मराठी घरांच्या फार कामाचा आहे. गणेश चतुर्थी ऑगस्टच्या शेवटच्या दहा दिवसांपासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कधीही येते, आणि कुंडीतल्या जास्वंदीचा बहर नेमका तेव्हाच असतो. मात्र त्या दहा दिवसांत कुंडी हलवू नये. जागा बदलली, एखादे दिवस माती कोरडी पडली किंवा रात्री एकदम गारठा आला, तर कळ्या न उमलता गळतात. चतुर्थीच्या आधी अधिक महिना आला, तर गणपती उशिरा येतात आणि रात्री गार होऊ लागलेल्या असतात. तेव्हा कुंडी आधीच खिडकीत आणून स्थिर होऊ द्यावी. एरवी अनंत चतुर्दशी झाली की पानांच्या मागची बाजू धुऊन, किडी पाहून, झाड घरात घ्यावे. १० अंशांखाली पाने पिवळी पडतात, आणि गोठणबिंदूच्या जरा खालीही झाड जाते.

यापुढचे पाच महिने खरे कसोटीचे. बहुतेकांना वाटते की थंडी झाड मारते. घरात आणलेल्या झाडाला थंडी मारत नाही, त्याचा घात होतो तो अंधाराने आणि जास्त पाण्याने. डिसेंबरात लंडनचा दिवस आठ तासांहून लहान असतो, तोही ढगाळ. त्याच वेळी मुंबईत अकरा तास लख्ख ऊन असते. इतक्या थोड्या उजेडात पाने अन्न बनवू शकत नाहीत, म्हणून झाड जुनी पाने टाकते. ते पाहून घाबरलेला माणूस पाणी वाढवतो. ज्या झाडाची पाने गेली ते पाणी ओढत नाही, गार ओल्या मातीत मुळे कुजतात, आणि मग आणखी पाने गळतात. दक्षिणेकडच्या खिडकीला अगदी लगटून जागा, शक्य असेल तर बारा-चौदा तास एलईडी दिवा, वरची माती सुकल्यावरच कोमट पाणी आणि बशीत पाणी साचू न देणे, एवढे पाळले तर झाड निभावते. दिवा नसेल तर १२ ते १५ अंशांच्या गार पण उजेडाच्या खोलीत ठेवणे रेडिएटरजवळच्या उबेपेक्षा बरे. अंधारात ऊब मिळाली की फांद्या लांब, फिक्या आणि अशक्त फुटतात. रेडिएटरच्या कोरड्या हवेत लाल कोळी वाढतो, कोवळ्या शेंड्यांवर मावा आणि पांढरी माशी येते. साबणाच्या पाण्याने दर आठवड्याला पाने पुसणे हा कंटाळवाणा पण भरवशाचा उपाय आहे. झाड पार निष्पर्ण झाले तरी लगेच फेकू नये. नखाने साल खरवडावी, आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे.

फेब्रुवारीच्या शेवटी दिवस वाढू लागतात तेव्हा छाटणी करावी. फूल नव्या फुटीवरच येते, आणि छाटल्यापासून पुन्हा फुले यायला दोन-तीन महिने सहज लागतात. उशिरा छाटलेले झाड चतुर्थीला नुसतीच पाने दाखवते.

राहिली अभिवृद्धी, आणि या झाडाची खरी कहाणी तिच्यातच आहे. जास्वंद रानात आपोआप वाढलेली कुठे सापडत नाही. पॅसिफिक बेटांवरच्या जातींच्या संकरातून ती फार पूर्वी माणसाच्याच हाताने झाली असावी, असे अलीकडचे संशोधन मानते. जुन्या लाल जास्वंदीला आपल्याकडे बी क्वचितच धरते, आणि धरले तरी त्यातून उगवलेले रोप आईसारखे निघत नाही. मॉरिशसमध्ये चार्ल्स टेलफेअर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथल्या स्थानिक जातीशी तिचा संकर केला, पुढे हवाईत असे हजारो संकर झाले. तो छंदाचा वेगळा मार्ग आहे. परसातली लाल जास्वंद मात्र पिढ्यान् पिढ्या फाट्यांनीच चालत आली. आजीच्या झाडाचा फाटा मावशीकडे, मावशीकडचा शेजारी. या सगळ्या अंगणांत फुलणारे शरीर एकच आहे. दुकानातले रोपही कुठल्या तरी झाडाचा फाटाच असते.

कोकणात श्रावणात फाटा चिखलात खोचला की रुजतो. थंड देशात तीच कृती जपून करावी लागते. जून-जुलैत, अर्धवट पिकलेल्या, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीचा १० ते १५ सेंटिमीटरचा तुकडा पेराच्या लगेच खाली कापावा. वरची दोन-तीन पाने ठेवावीत, तीही निम्मी कापून, म्हणजे बाष्प कमी उडेल. बुडाला आयबीए संजीवकाची पूड लावून तो कोकोपीट आणि परलाइटच्या मिश्रणात लावावा, वर पारदर्शक पिशवी घालावी आणि थेट ऊन टाळावे. खालून २१ ते २५ अंशांची ऊब मिळाली तर चार ते आठ आठवड्यांत मुळे फुटतात. त्यासाठी विजेची गरम चटई मिळते, आणि तिचे काम तेच, जे चेल्सीत ओकची साल करत असे. पेल्यातल्या पाण्यातही मुळे येतात, पण ती ठिसूळ असतात आणि मातीत लावताना तुटतात. शरद ऋतूतल्या छाटणीचे तुकडे लावण्याचा मोह टाळावा. रुजले तरी हिवाळ्यापूर्वी त्यांना बळ धरायला वेळ उरत नाही.

मोठ्या, रंगीबेरंगी फुलांच्या आधुनिक संकरांची स्वतःची मुळे पुष्कळदा दुबळी असतात, म्हणून ते ‘अल्बो लॅसिनेटस’सारख्या जोमदार खुंटावर कलम केलेले असतात. खिडकीत प्रथमच जास्वंद ठेवणाऱ्याने त्यांच्या नादी लागू नये. साधी, एकेरी, लाल जातच सर्वांत काटक, आणि तीच फाट्याने सहज रुजते.

कुंडीतले झाड कधी ना कधी थकते. एखाद्या हिवाळ्यात तापयंत्र बिघडते, एखाद्या वर्षी घरच्यांना डिसेंबरात महिनाभर भारतात यावे लागते. म्हणून दर जूनमध्ये गरजेपेक्षा दोन फाटे जास्त लावावेत, आणि रुजलेली रोपे त्याच गावातल्या दुसऱ्या घरी द्यावीत. एका घरचे झाड गेले तरी त्याच झाडाचा फाटा पुढच्या उन्हाळ्यात त्या घरून परत आणता येतो.