छापलं, पण तपासलं का?

ओझर गावातल्या शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांवर पीएच.डी. करताना संदर्भांच्या शोधात एका ‘आंतरराष्ट्रीय’ नियतकालिकातला लेख हाती लागला. मुखपृष्ठावर आयएसएसएन क्रमांक, ‘पीअर रिव्ह्यूड’चा, म्हणजे तज्ज्ञांनी तपासल्याचा, शिक्का, तीन दशांश स्थळांपर्यंतचा इम्पॅक्ट फॅक्टर. आत लिहिलं होतं, की वाघाड धरणाच्या कालव्यावर संस्था आधी वरच्या गावांत निघाल्या आणि मग ओझरला आल्या.

घडलं नेमकं उलटं. ओझर कालव्याच्या शेपटाला. पाणी पोचायचंच नाही. म्हणून तर बापू उपाध्ये यांच्या समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने १९९०च्या सुमारास पहिल्या तीन संस्था इथेच उभ्या राहिल्या: महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा. एका जुन्या सभासद काकांना तो परिच्छेद वाचून दाखवला. ते म्हणाले, “ताई, छापायच्या आधी हे कोणी वाचलंच नाही का?”

तोच प्रश्न मनात ठेवून अंक पुन्हा चाळला. वाणिज्य, रसायनशास्त्र, मराठी कविता, शारीरिक शिक्षण, सगळं एकत्र. लेख कधी आला, दुरुस्त होऊन कधी स्वीकारला, याच्या तारखा नाहीत. संपादक कुठे शिकवतात, याचा पत्ता नाही. ‘शुल्क भरा, आठवड्यात प्रसिद्धी’ हे मात्र ठळक. आयएसएसएन तर नुसता ओळख क्रमांक. त्यावरून दर्जा कळत नाही.

हे एकट्या त्या अंकाचं दुखणं नव्हे. २०१८ मध्ये पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) मान्य यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली १,००९ नियतकालिकं तपासली. ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असावीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी यूजीसीने ४,३०५ नावं यादीतून काढली. पुढे आलेली यूजीसीची केअर यादीही २०२५ मध्ये बंद झाली. आता पारख आपल्यालाच करायची आहे.

ओझरच्या संस्थांच्या सभांचं इतिवृत्त कुणा तज्ज्ञाने तपासलेलं नसतं, पण ते मूळ साधन आहे, आणि मी ते तसंच वापरलं. तो लेख मात्र संदर्भसूचीत घेतला नाही. त्याचा आधार घेतला असता, तर शेपटाकडच्या शेतकऱ्यांनी घेतलेला पुढाकार माझ्या प्रबंधातूनही पुसला गेला असता.