साऊथ साइडचा पुनर्विकास

आपल्या संघाचा सगळ्यांत चांगला खेळाडू दुसऱ्यांना देऊन टाकला म्हणून खूश होणारी माणसं मी शिकागोत आल्यावरच पाहिली. २०२४च्या डिसेंबरात इथल्या साऊथ साइडच्या व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघानं आपला पिचर गॅरेट क्रोशे बॉस्टनला दिला आणि बदल्यात चार पोरं घेतली. मेजर लीगमध्ये तोवर त्यातल्या एकाचंही पाऊल पडलेलं नव्हतं. त्याच वर्षीच्या मोसमात संघ १२१ सामने हरला होता. आधुनिक बेसबॉलमध्ये एका मोसमात इतके पराभव कुणाच्याच वाट्याला आले नव्हते. ऑफिसातला पिढीजात साऊथ साइडकर मात्र पेढे वाटायचेच बाकी ठेवून त्या चौघांची नावं सांगत सुटला होता. मला त्याचा राग आला. आठवडाभर तो गेला नाही, म्हणून हे लिहितोय.

त्याची बाजू खोटी नाही. मेजर लीगमध्ये खेळाडूची सहा वर्षं पुरी होईतो त्याच्यावर संघाचा हक्क असतो, आणि त्यातली पहिली तीनेक वर्षं तो किमान पगाराच्या आसपास राबतो. सहा वर्षांनंतर तो मोकळा. ज्याची थैली मोठी त्याच्याकडे जातो. क्रोशेची दोन वर्षं उरली होती. त्या दोन वर्षांत हा संघ काही अजिंक्यपद मिळवत नव्हता. मग फुकट जाऊ देण्यापेक्षा भाव आहे तोवर विका. हिशेब बिनतोड आहे.

पण असे बिनतोड हिशेब मी ठाण्यात मामाच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ऐकलेत. इमारत जुनी, टाकी गळकी, लिफ्ट मनात आलं तर चालणार. बिल्डर ब्रोशर घेऊन येतो. गुळगुळीत कागदावर कारंजं, जॉगिंग ट्रॅक, गच्चीवर बाग आणि त्या बागेत सोसायटीतल्या कुणासारखंच न दिसणारं एक जोडपं. कार्पेट एरिया किती वाढणार, कॉर्पस किती मिळणार, यावर रात्री बारापर्यंत वाद. शेवटी सह्या होतात, सगळे भाड्याच्या घरात पांगतात आणि दर दिवाळीला ‘पुढच्या दिवाळीला नव्या घरात’ असं म्हणतात. मामाची इमारत उभी राहिली, हेही सांगितलं पाहिजे. पण शेजारच्या सोसायटीत सातव्या स्लॅबवर बिल्डर थांबला तो थांबलाच. आणि एक फरक: बिल्डर निदान काही महिने तरी भाडं देतो. इथे संघ पाडून पुन्हा बांधायला काढला, की त्या काळातलं तिकीटसुद्धा प्रेक्षकानंच काढायचं.

व्हाइट सॉक्सचा तर हा दुसरा पुनर्विकास. पहिला २०१६च्या डिसेंबरात निघाला. पिचर ख्रिस सेल बॉस्टनला गेला. त्या वेळी ज्याच्या नावाचा सर्वांत जास्त गाजावाजा होता तो योआन मोंकाडा आणि मायकेल कोपेक इकडे आले. अॅडम ईटन देऊन लुकास जिओलिटो आणि रेनाल्डो लोपेझ आणले. पुढच्या जुलैत होझे किंताना चक्क गावातल्याच दुसऱ्या संघाला, कब्जला दिला आणि एलॉय हिमेनेझ व डिलन सीस घेतले. ब्रोशर खोटं नव्हतं. ही सगळी पोरं मेजर लीगमध्ये खेळली आणि २०२१मध्ये संघानं ९३ सामने जिंकून आपला विभाग जिंकला. मग ह्यूस्टननं प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत घरी पाठवलं. २०२४ संपेपर्यंत या सहांपैकी एकही इथे उरला नव्हता. सेल मात्र २०१८मध्ये बॉस्टनकडून वर्ल्ड सिरीज जिंकला आणि २०२४मध्ये, पस्तिशीत, अटलांटाकडून सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार घेऊन बसला.

म्हणून ‘जुने विकावेत की नवे घडवावेत’ हा वाद मला पोकळ वाटतो. विकणं एका फोनचं काम आहे. स्लॅब चढत आल्यावर खिडक्या-दारांना पैसे काढायचे, तिथे व्हाइट सॉक्सच्या मालकाचा हात आखडतो. या संघानं आजवर दिलेला सर्वांत मोठा करार अँड्र्यू बेनिंटेंडीचा, साडेसात कोटी डॉलर. यांना मॅनी मचाडो हवा होता. सॅन डिएगोनं त्याला तीस कोटी दिले. त्याच सॅन डिएगोला यांनी २०१६मध्ये, उतरणीला लागलेल्या जेम्स शील्ड्सच्या बदल्यात, सतरा वर्षांचा फर्नांडो तातीस देऊन टाकला होता. म्हणजे नव्यासाठी जुनं आणि जुन्यासाठी नवं, दोन्ही करून झालंय.

आता कामाची गोष्ट, कारण सुट्टीत पाहुणे आले की सामन्याला जाणं होतंच. पोरांना नावाची जर्सी घेऊन देऊ नका. भरपूर डॉलर मोजायचे आणि जुलैअखेर तो खेळाडू तिसऱ्याच गावी. बहुतेकांना कुठे पाठवावं यात त्यांचं स्वतःचं काही चालत नाही. मेजर लीगमध्ये दहा वर्षं आणि त्यातली शेवटची सलग पाच एकाच संघात काढली, तर नकार देता येतो. तितकं टिकणारं कुणी इथे सध्या नाही. हट्टच असेल तर निवृत्तांची घ्या: फ्रँक थॉमस ३५, मार्क बर्ली ५६, पॉल कोनर्को १४. हे नंबर संघ आता दुसऱ्या कुणाला देत नाही, त्यामुळे माल शिळा होत नाही. मी कोनर्को सुचवेन. १९९८मध्ये माइक कॅमेरॉनला सिनसिनाटीला देऊन हा पोरगा आणला आणि तो २०१४पर्यंत राहिला; मध्ये २००५ची वर्ल्ड सिरीजही जिंकून झाली. आणि स्टेडियममध्ये हॉट डॉग न खाणाऱ्यांसाठी एलोते मिळतं: मक्याचे दाणे, वर चीज, मेयोनीज आणि तिखट. लिंबू मागून घ्या, आणि तिखट जरा जास्तच सांगा.