युद्धाचा शेवट

परवा भोजनोत्तर ओसरीवर मुलांचा वाद रंगला. भूमीसाठी चाललेले दीर्घ युद्ध संपते कसे? थोरला म्हणे विजयाने, धाकटा म्हणे तहाने. मी त्यांस इराण-इराकचे उदाहरण दिले. शत्-अल्-अरब नदीच्या सीमेविषयीचा 1975 चा करार सद्दाम हुसेन यांनी 1980 साली झुगारून युद्ध पेटविले. 1982 साली इराणने खुर्रमशहर परत घेतले. इराक शस्त्रसंधीस राजी झाला, परंतु इराणने ती नाकारली. शस्त्रे थांबली ती 1988 साली. आणि 1990 साली इराकने तोच जुना करार पुनश्च मान्य केला! शाळेत मी तहांची सालेच घोकून घेतली. मधल्या विलंबात किती घरे उजाड झाली, हे कधी विचारले नाही, याची आज खंत वाटते.