स्टेपनी

'स्टेपनी' हा शब्द आमच्या वेल्ह्यांत पंक्चरवाल्यापासून कॉलेजांत शिकणाऱ्या मुलीपर्यंत सर्वांच्या तोंडीं आहे. परंतु त्याची व्युत्पत्ति विचारली तर बहुतेक मंडळी निरुत्तर होतात. आमचें आयुष्य धातु व प्रत्यय घोकून घेण्यांत गेलें असल्यामुळें शब्द भेटला कीं त्याचें कूळ विचारण्याची खोड आम्हांस जडली आहे. ह्या शब्दाचें कूळ निघालें तें वेल्स प्रांतांतील लानेली गांवच्या एका रस्त्यावर.

बैलगाडीच्या लोखंडी धावेला फुटण्याचें भय नव्हतें. डन्लॉप नांवाच्या पशुवैद्यानें १८८८ सालीं बेलफास्ट येथें मुलाच्या तीनचाकी सायकलीस हवेचा टायर बसविला, तेव्हां प्रवास मऊ झाला, पण पंक्चर नांवाचें संकटही घराघरांत शिरलें. आरंभींच्या मोटारींना जादा चाक नसे. मालकानें रस्त्याच्या कडेला बसून टायर उचकटावा, ट्यूबला ठिगळ लावावें व पुन्हां चढवावा, असा प्रकार होता. १९०४ च्या सुमारास लानेलीच्या डेव्हिस बंधूंनीं आरे नसलेलें, हवा भरलेल्या टायरचें एक कडें विकावयास काढलें. तें बसलेल्या चाकाशेजारीं पकडींनीं आवळून गाडी पुढें हांकतां येई. तेथील स्टेपनी रस्त्याचें नांव मालाला मिळालें. तें कडें केव्हांच नाहींसें झालें. आपल्याकडे शब्द मात्र घरचाच होऊन राहिला.

त्या शब्दाची खरी किंमत आमच्या रस्त्यांवर कळते. नसरापुराहून विंझरमार्गे या, नाहीं तर खानापुराहून पाबे घाटानें या. पावसाळ्यांत कडा खचतात आणि अणकुचीदार दगड वर येतात. २०२४ सालीं राज्य मंत्रिमंडळानें आमच्या तालुक्यास राजगड हें नांव देण्याचें ठरविलें. दगडांनीं त्याची दखल घेतलेली नाहीं.

गेल्या आषाढांत आमच्या वडील भगिनी अक्का यांस रात्रीं दम लागला. पहांटे भाड्याची मोटार करून आम्ही व आमची सून त्यांना घेऊन निघालों. तोरणा मागें पडतो न पडतो तोंच मागचें डावें चाक बसलें. चालकानें तें उतरविलें आणि डिकींतून स्टेपनी काढली, ती अंगठ्यानें दाबली जात होती. 'हवा तर भरली होती, गुरुजी,' असें तो पुनःपुन्हां म्हणत होता. फोनला रेंज नव्हती. अक्कांच्या ओठांवर निळसर छटा चढत होती आणि चाळीस मिनिटें सून त्यांच्या पाठीवरून हात फिरवीत बसली होती. अखेर दुधाचे कॅन नेणारा एक पिकअप थांबला. 'आजींना पुढं बसवा,' एवढेंच बोलून त्या तरुणानें नसरापूर गांठलें. तेथें प्राणवायु मिळाला व अक्का बचावल्या.

म्हणून २०२० सालीं केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेली दुरुस्ती आमच्या गळीं उतरत नाहीं. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखविणारी यंत्रणा व पंक्चर काढण्याचा संच असेल, तर हलक्या प्रवासी मोटारींत जादा चाक नसलें तरी चालतें, असें ती सांगते. शहरांत हें ठीक. तळव्यांत खिळा शिरला तर तो संच उपयोगी पडतो. दगडानें टायरची बाजूची भिंत फाटली, तर त्यांतील डिंकाचा उपयोग काय? चिरंजिवांनीं यंदा मोटार घेतली, तेव्हां आमची एकच अट होती. रंगाविषयीं आम्हीं चकार शब्द काढला नाहीं.

चाक बदलण्यास मल्लाचें बळ लागतें ही समजूत खोटी आहे. हँडब्रेक ओढून समोरच्या बाजूच्या चाकाला दगडाची उटी लावावी. गाडी उचलण्यापूर्वीं, चाक जमिनीवर असतांनाच, नट थोडे सैल करावे. अधांतरीं चाकाशीं झटापट केली तर गाडी जॅकवरून घसरते. चिखलांत जॅकखालीं फळी हवीच. नवें चाक चढविल्यावर नट समोरासमोर आवळावे, आणि शेवटचा जोर गाडी खालीं टेकल्यावर लावावा. हवेच्या दाबाचा आंकडा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर छापलेला असतो.

आमची सून दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं पांचही चाकांची हवा मोजते, आणि अंगणांत एकदां चाक उतरवून पुन्हां चढविते. पहिल्या खेपेस पाऊण तास लागला, आतां पंधरा मिनिटें पुरतात. अक्का ओट्यावर खुर्ची टाकून सुटलेले नट पदरांत घेऊन बसतात, आणि मोजून मागितल्यावांचून एकही परत देत नाहींत.